धुराड्यावरचं मडकं

त्या घराचं तोंडच चुकीच्या बाजूला होतं, तिथूनच सांगायला लागते. औरंगाबादच्या छावणीतल्या ज्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले, तो कुणा इंग्रज साहेबानं आपल्या मुलखातल्या घराची आठवण काढून बांधून घेतला होता. शेतं, झाडी, मधोमध बापजाद्यांचं मोठं घर, असं काहीतरी त्याचं तिकडं होतं. त्याचं एक चित्र त्यानं इथल्या गवंड्यापुढं धरलं आणि म्हणाला, हे असंच पाहिजे. गवंडी इथले, दगड इथला काळा, सागवान लांबून बैलगाड्यांनी आलेलं. त्या बिचाऱ्यांनी चित्रात दिसलं ते ते केलं. बर्फ घसरून पडावं म्हणून उतरतं उभट छप्पर केलं. हिवाळ्यात शेकायला तीन खोल्यांत तीन शेकोट्या आणि त्यांची छपरावर तीन धुराडी. हॉलची एक खिडकी तर भिंतीतून पोट पुढं काढून बाहेर आलेली, तिच्यात बसायला दगडी बाक. आणि सगळ्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला. त्याच्या देशात ऊन पाहुण्यासारखं येतं, चार दिवस राहतं, त्याचं कौतुक करावं लागतं. आपल्याकडं ऊन म्हणजे घरजावई. पण हे त्याला कोण सांगणार? उत्तरेच्या गारव्याच्या खोल्या त्यानं स्वयंपाकघराला, कोठाराला आणि नोकरांना दिल्या, आणि स्वतः दक्षिणेच्या खोल्यांत भाजत बसला. अण्णा, म्हणजे माझे वडील, नव्या माणसाला बंगला दाखवताना हमखास म्हणायचे, "साहेब घराचं पोट अन् पाठ उलटी करून गेला बघा."

साहेब गेला. मग निजामाच्या वेळी एका वकीलसाहेबांनी तो बंगला घेतला. त्यांनी शहाणपणानं दक्षिणेला रुंद व्हरांडा काढला, मागं पाण्याचा हौद बांधला, एका शेकोटीत चक्क पुस्तकांचं कपाट बसवलं. म्हणजे घर पुढून विलायती, मागून हैदराबादी. आम्ही तिथं होतो तेव्हा वकीलसाहेबही नव्हते. त्यांच्या बेगम तेवढ्या होत्या. सगळे त्यांना आपाजान म्हणायचे, म्हणून आम्हीही. बारा खोल्यांच्या घरात त्या दोन खोल्या वापरायच्या. हॉलमधल्या शेकोटीजवळ त्यांची वेताची खुर्ची. कानानं कमी ऐकू यायचं, गुडघे धरलेले, पण डोळे असे की भिंतीवर पाल हलली तरी दिसावी. अण्णा बागेचं आणि घराचं सगळं बघायचे. माझी माय झाडलोट, स्वयंपाक. आपाजानना मायच्या हातची येसर आमटी आवडायची आणि मायला आपाजाननी सांगून करवलेला चिंचेचा खट्टा. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात एका चुलीवर खिचडी आणि एका चुलीवर भाकरी, असा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. अजून कुठं चिंचेचा कोळ उकळला की मी त्या गार, काळ्या फरशीवर जाऊन उभी राहते.

माझं काम खिडक्यांचं. एकवीस होत्या. घर उलटं बांधल्यामुळं त्याला रोज सरळ करावं लागायचं. उजाडायच्या आत सगळ्या खिडक्या उघडायच्या, गार हवा आत घ्यायची. ऊन व्हरांड्याच्या तिसऱ्या खांबाला लागलं की दक्षिणेच्या सगळ्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, आणि ती सकाळची हवा दिवसभर घरात कोंडून धरायची. ऊन उतरलं की परत उघडायच्या. उन्हाळ्यात शिवाय खिडक्यांवरचे वाळ्याचे पडदे भिजवायचं काम. एक खिडकी विसरली तर आपाजान खुर्चीतूनच ओरडायच्या, "शकू! दोजख का दरवाजा खुला छोड्या क्या?" मी जिना वर, जिना खाली. माय म्हणायची, "या पोरीच्या तळपायाला चाकं हायेत. बस म्हणलं तर बसायची नाय." खरंच बसवायचं नाही मला. जेवतानासुद्धा एक गुडघा वर. मला वाटतं त्या घरानंच ती खोड लावली. ते घरच गप बसायचं नाही. ऊन चढलं की छपराचं सागवान कडकडायचं, उतरलं की परत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका फळीवर पितळी घंट्यांची रांग होती. साहेबाच्या काळी प्रत्येक खोलीतून तार ओढली की इथं त्या त्या खोलीची घंटा वाजायची. तारा भिंतींतून, माळ्यातून गेलेल्या. माळ्यावर खारी पळाल्या की कुणी नसलेल्या खोलीतून घंटा वाजायची. माय दचकून म्हणायची, "बोलवायलाय बघ साहेब." घंट्यांच्या खाली इंग्रजीत खोल्यांची नावं. कोणती घंटा कुठली, हे वाजलं की मी पळत जाऊन बघायची आणि खालचं नाव पाठ करायची. शाळेत इंग्रजी यायच्या आधी मी ते असं शिकले. पुढं जे काही शिकले तेही असंच, कुणी शिकवायची वाट न बघता.

आता मी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. तीन खोल्या, सहा खिडक्या. त्यासुद्धा मी वेळेवर उघडते आणि लावते. सून म्हणते, "आई, एसी आहे हो आपल्याकडे." असू दे.

तर त्या वर्षी मी दहावीला होते. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत दहावीला बसलेली मी पहिली मुलगी. परीक्षा महिन्यावर आली आणि एका दुपारी मी उत्तरेच्या खोलीत पुस्तक घेऊन फेऱ्या मारत होते. मी चालत चालतच पाठ करायची. तेव्हा अण्णा मायला सांगत होते ते कानावर पडलं. आपाजान बंगला विकणार. त्यांचा भाचा नवाजभाई गिऱ्हाईक घेऊन येणार, पुण्याचं कुणी मोठं जोडपं.

माय म्हणाली, "मंग आपलं कसं?"

"आपलं काय? करमाडला जायाचं. भावाकडं एक खोली हाय."

"अन् शकूची परीक्षा?"

अण्णा म्हणाले, "पाचोडचं स्थळ हातचं घालवू नगं, असं तुझा भाऊच म्हणतोय. पोरगं चांगलं हाय. घर सुटल्यावर जवान पोरगी कुणाच्या खोलीत ठेवायची? या लगीनसराईत उरकून टाकू. परीक्षा काय, पुढंबी देता येती."

पुढंबी देता येती! अशी पुढं परीक्षा दिलेली एकतरी मुलगी मला कुणी दाखवावी. त्या दिवसापासून माझे पाय अजूनच थांबेनात. पुस्तक उघडलं की अक्षरांच्या जागी करमाडची ती एक खोली दिसायची. मी एकवीस खिडक्या दिवसातून चार-चार वेळा बघून यायची, लावलेल्या परत लावायची. आपाजानना विचारावं असं सतरांदा मनात आलं. पण काय विचारणार? घर त्यांचं. आम्ही मागच्या दोन खोल्यांतली माणसं. त्या इतक्या वर्षांचं घर विकतायत ते का, त्यांना कुठं जायचंय, हे मी एकदाही मनात आणलं नाही. सोळा वर्षांच्या जिवाला आपल्या भाकरीपलीकडचं दिसत नाही.

आता धुराड्याचं सांगते. तीनपैकी हॉलमधली एकच शेकोटी पेटायची, तीही पौष-माघात पंधरा-वीस दिवस, आपाजानच्या गुडघ्यांसाठी. रथसप्तमी झाली की ते धुराडं बंद करायची आमच्यात रीत होती. उघडं ठेवलं तर पाखरं आत घरटी करतात आणि उन्हाळ्यात वरून वारं झळा आणि राख घेऊन खाली येतं. नोकरांच्या मागच्या अरुंद जिन्यानं माळ्यावर जायचं, झडपेतून छपरावर, आणि धुराड्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा ठासून वर एक जुनं मडकं पालथं घालायचं. कौलं फुटू नयेत म्हणून हलक्या अंगाचं माणूस लागायचं, म्हणून ते काम माझं. दरवर्षी अण्णा खाली उभे राहून वर बघायचे, "बसलं का नीट?" विचारायचे. त्या वर्षी ते ज्वारी काढायला करमाडला भावाकडं गेले होते. मी एकटीनंच मडकं बसवलं. ते आले, पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यात तेव्हा काही मनात नव्हतं, शपथ सांगते.

पण थोड्या दिवसांनी हॉल झाडताना शेकोटीतून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. मी आत डोकं घालून कान लावला. विटांच्या फटीतून मधमाश्या शिरल्या होत्या आणि गोणपाटाखाली मोहोळ धरलं होतं. आपाजान हातभर अंतरावर बसलेल्या, त्यांना ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, अण्णांना सांगू, मोहोळ उतरवतील. आज सांगू, उद्या सांगू. तोवर विक्रीचं कानावर आलं आणि मग राहिलंच.

पाहुणे आले ते शिवरात्रीच्या मागंपुढं, सकाळी दहाच्या सुमाराला. थंडी जाता जाता रेंगाळली होती. ते गृहस्थ उंच, हळू बोलणारे. बाई अंगावर शाल घेऊन कौतुकानं प्रत्येक गोष्टीला हात लावत होत्या. पुढं आलेल्या खिडकीतल्या बाकावर बसून बघितलं, घंट्यांची फळी बघून लहान मुलीसारख्या हसल्या. नवाजभाई पुढं पुढं करत होते. "ये देखो मॅडम, पूरी अंग्रेजी बनावट. औरंगाबाद में दुसरी नै मिलने की." मी आणि माय दाराशी उभ्या. आपाजान खुर्चीत, नवी ओढणी घेऊन.

बाई शेकोटीपाशी आल्या. "अय्या, खरी फायरप्लेस! हे चालतं का हो अजून?"

"चलता बोले तो?" नवाजभाई म्हणाले. "अभ्भी जलाके बताते. अण्णा, जरा लकड्यां डालो."

अण्णांनी बाभळीची चार लाकडं आणून रचली. काडी ओढायच्या आधी त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. सगळ्यांच्या देखत विचारलं, "शकू, धुराडं मोकळं हाय ना?"

किती वेळ गेला असेल? काडी काढायला लागतो तेवढाच. पण मला त्यात करमाडची खोली दिसली, पाचोडचा मांडव दिसला, परीक्षेचा माझा रिकामा बाक दिसला. आणि कानात ते घूंऽऽ.

"व्हय, अण्णा," मी म्हणाले.

पहिल्यांदा धूर आला, तो सगळ्यांनी हसण्यावारी नेला. नवाजभाई म्हणाले, "शुरू में होता थोडा." मग धूर परत फिरून हॉलभर पसरला. बाई खोकायला लागल्या. ऊब वर पोचली असेल, एकदम वरून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला आणि राखेबरोबर माश्या खाली आल्या. मी तसं कधी बघितलं नाही. धुरातून वाळूची मूठ फेकावी तशा. बाई किंचाळत व्हरांड्यात पळाल्या, त्यांचे यजमान त्यांच्यामागं, नवाजभाई तर फाटकापर्यंत. आणि मला तेव्हा कळलं की आपाजान उठू शकत नाहीत. हे मला रोज दिसत होतं. रोज मीच त्यांना हाताला धरून उठवायची. तरी ते माझ्या हिशोबात कुठंच नव्हतं.

अण्णांनी खालची सतरंजी ओढली, आपाजानवर डोक्यापासून पायापर्यंत टाकली आणि त्यांना खुर्चीसकट ओढत, पाठमोरे, स्वयंपाकघराच्या बोळापर्यंत नेलं. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर, मानेवर माश्या बसलेल्या. एक हात काढून झटकला असता तर खुर्ची सुटली असती. त्यांनी झटकलं नाही. आपाजानच्या हाताला दोन डंख झाले. अण्णांचे आम्ही मोजले नाहीत.

पुण्याच्या बाईंना डोळ्याखाली चावलं होतं, बघता बघता अर्धा चेहरा टम्म झाला. त्यांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी निरोप आला की त्या बऱ्या आहेत, पण त्या घरात परत पाऊल टाकणार नाहीत. नवाजभाईंनी अंगणात उभं राहून अण्णांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. "अक्कल है की नै तुमकू? इतने बरसों से संभालते घर!"

अण्णांचे दोन्ही डोळे तोवर मिटले होते. ते आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "चूक झाली मियाँ. मीच इसरलो."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पायाला चाकं असलेली मी, त्या वेळी एक पाऊल पुढं टाकू शकले नाही.

दोन दिवस त्यांना दिसत नव्हतं. माय हळद-चुना लावायची आणि माश्यांना, धुराड्याला, इंग्रजाला, सगळ्यांना शिव्या द्यायची. अण्णांना पडून राहवेना. म्हणाले, शकू, हात धर, खिडक्या करून येऊ. मी त्यांना हाताला धरून खोलीखोलीतून नेलं. कडी त्यांना हातानं बरोबर सापडायची. हॉलमध्ये आल्यावर ते थांबले, चाचपडत शेकोटीपाशी गेले, वाकून आत हात घातला, वर पोचेल तेवढा. राखेनं भरलेला हात बाहेर काढून धोतराला पुसला.

"मडकं तू कधी घातलं?"

"रथसप्तमीला."

त्यांनी मान हलवली. पुढच्या खिडकीकडं वळले आणि कडी घालता घालता म्हणाले, "काढून टाक. परीक्षा झाल्यावर काढलं तरी चालंल."

बस, एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत तो विषय त्यांनी काढला नाही. पाचोडच्या स्थळाला त्यांनी काय कळवलं मला माहीत नाही, पण त्या लगीनसराईत आमच्याकडं मांडव पडला नाही.

हे इथंच थांबलं असतं तर मी स्वतःला माफ करून टाकलं असतं. बापानं पाठीशी घातलं, पोरगी परीक्षेला बसली, असं छान वाटलं असतं. पण तिसऱ्या दिवशी आपाजाननी मला हाक मारली. त्यांच्या पलंगाखाली एक लोखंडी संदूक होती. म्हणाल्या, "बाहर खींच. खोल. कपडे वापस अलमारी में रखनेके."

संदूक काठोकाठ भरलेली. हिवाळ्याच्या शाली, वकीलसाहेबांची टोपी, कागदात गुंडाळलेली अत्तरदाणी. सगळ्यात वर लहान बाळाची झबली, हातानं शिवलेली. पाच होती. एकाला अजून सुई टोचलेली.

"ये किसके, आपाजान?" मी मोठ्यानं विचारलं.

"नवासी हुई ना हैदराबाद में. बेटी बोली, अम्मी आजाओ, घर बेचके हमेशा के वास्ते आजाओ." आपाजान नातीच्या झबल्यावरून बोट फिरवत होत्या. डंखाचा हात अजून सुजलेला. "अच्छे लोगां थे वो पूने वाले. घर जैसा का वैसा रखते बोले थे. मैं अण्णा की बात भी करी थी. बोले, माली-चौकीदार तो हमकू होनाच. तुम लोगां पीछे के कमरों मेंच रहते थे." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तेरे बाप कू बताने वाली थी, बात पक्की होने के बाद. रख दे. नीचे के खाने में रख."

मी झबली खालच्या खणात ठेवली. एकेक. पाच.

नवाजभाईंनी पुढं एकदोन गिऱ्हाईकं आणली, पण त्यांना घर नको होतं, जागा हवी होती. अशांना आपाजान बाहेरच्या बाहेर परत पाठवायच्या. मी दहावी पास झाले. पेढे घेऊन गेले तर त्यांनी अर्धा पेढा माझ्याच तोंडात घातला. पुढं मी ट्रेसिंगचं काम शिकले, सरकारी कचेरीत नकाशे काढायला लागले. माझा पगार घरात आला. अण्णा करमाडला गेले नाहीत. आणि या सगळ्या काळात, आपाजानना लिहिता-वाचता यायचं नाही म्हणून, हैदराबादची हिंदीतली पत्रं मीच वाचून दाखवायची, उत्तरंही मीच लिहायची. तिकडून यायचं, अम्मी कधी येता? इकडून मी लिहायची, इस साल नहीं, अगले साल. चार वर्षं मी ते वाक्य लिहिलं. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. पाचव्या वर्षी आपाजान त्याच खुर्चीत गेल्या. त्यांच्यामागं वर्षभरात बंगला पाडला. सागवान निघालं, काळा दगड निघाला, घंटा कुणी नेल्या कोण जाणे. मडकं मी परीक्षेनंतर काढलं होतं.

गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडं आली. मैथिली तिचं नाव, घरं बांधायचं शिकते. छावणीतल्या जुन्या बंगल्यांवर तिला लिहायचं आहे. त्या बंगल्याचा एकही नकाशा कुठं सापडला नाही म्हणाली, फक्त मी तिथं वाढले असं कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, कागद आण मोठा. तीन दुपारी बसून मी तिला अख्खा बंगला काढून दिला. पावलं मोजायची गरज नव्हती, ती पायात होती. भिंतींची जाडी, मागचा जिना, एकवीस खिडक्या, तिन्ही धुराडी. ती म्हणाली, "आजी, हे असलं स्केल कुणी आठवणीतून काढतं का?" शेवटी मी हॉलमध्ये, शेकोटीच्या डाव्या बाजूला, एक छोटा चौकोन काढला.

"हे काय? खांब होता का इथं?"

"खुर्ची आहे."

ती हसली. "आजी, आमच्या मोजणीच्या नकाशात फर्निचर दाखवत नाहीत. हलणाऱ्या वस्तू नसतात त्यात."

तिनं खोडरबर उचललं. मी तिचा हात धरला आणि तिला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं, जे अण्णांना सांगायची वेळ आली नाही आणि आपाजानना सांगायचं धाडस झालं नाही. ऐकून झाल्यावर तिनं खोडरबर खाली ठेवलं, पेन घेतलं, आणि माझ्या पेन्सिलीच्या चौकोनावरून शाईनं रेघ ओढली.